सातारा-सांगलीहून मालदीवच्या पर्यावरणपूरक रिसॉर्टला सहकुटुंब: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

आपल्याकडून मालदीवला जाणाऱ्या कुटुंबांची फसगत बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते. आधी फोटो बघून रिसॉर्ट ठरतं, मग पैसे भरले जातात, मग विमान शोधलं जातं. आणि तेव्हा कळतं की विमान राजधानी मालेला संध्याकाळी पाचला उतरतंय आणि बेटावर नेणारं त्या दिवसाचं शेवटचं सी-प्लेन (पाण्यावर उतरणारं छोटं विमान) तोवर निघून गेलेलं असणार. मग ती रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात काढायची आणि रिसॉर्टच्या भरलेल्या रात्रीवर पाणी सोडायचं.

कामांचा क्रम असा हवा: पासपोर्ट, तारखा, मालेला उतरायची वेळ, मालेहून बेटापर्यंतची सोय, आणि मग रिसॉर्ट. खालची उदाहरणं आई, वडील, दहा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा अशा चौघांचं कुटुंब धरून दिली आहेत.

टप्पा १: पासपोर्ट आणि नावं (निदान तीन महिने आधी)

भारतीयांना मालदीवसाठी आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. पर्यटक व्हिसा पोहोचल्यावर मोफत मिळतो, त्यासाठी परतीचं तिकीट आणि राहण्याचं पक्कं बुकिंग दाखवावं लागतं. त्यामुळे ‘कागदपत्रांचं काही नाही’ असा समज होतो आणि पासपोर्ट कपाटात तसाच पडून राहतो.

लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. मुलगी चार वर्षांची असताना काढलेला पासपोर्ट आज बाद झालेला असेल. सगळ्यांचे पासपोर्ट बाहेर काढा आणि परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने मुदत उरते का ते बघा. मालदीवचा स्वतःचा नियम याहून सैल आहे, पण विमान कंपनीच्या काउंटरवर वाद घालत बसण्यापेक्षा सहा महिने बरे. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे पुण्याच्या विभागीय पासपोर्ट कार्यालयाखाली येतात. अपॉइंटमेंट घेतानाच जवळचं केंद्र निवडा. मुलांच्या अर्जाला दोन्ही पालकांच्या सहीचं संमतिपत्र लागतं, आणि वडील नोकरीनिमित्त परगावी असले की नेमकं तेच राहून जातं.

दुसरी अडचण खास आपल्याकडची. आपल्या पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. तिकीट काढताना मात्र लोक नुसतं पहिलं नाव आणि आडनाव टाकतात. पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, अक्षर न् अक्षर, तिकिटावर हवं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला विचारा. लग्नानंतर आईचं नाव बदललं असेल, पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल, तर तिकीट माहेरच्या नावानंच काढायचं.

तपासा: चारही पासपोर्टचे पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो दोन वेगळ्या फोनमध्ये आहेत का? पुढच्या प्रत्येक टप्प्यावर ते लागतात.

टप्पा २: तारखा

मालदीवचा कोरडा हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल, आणि नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा हंगाम मे ते ऑक्टोबर. म्हणजे आपली उन्हाळ्याची सुट्टी नेमकी पावसाळ्याच्या तोंडावर येते. तिथला पाऊस महाबळेश्वरासारखा दिवसदिवस झोडपत नाही. सरी येतात, जातात, मधे ऊन पडतं. पण वारा असतो, समुद्र खवळतो आणि पश्चिमेकडच्या किनाऱ्यावर लाटा आपटतात. म्हणून मे-जूनमध्ये जाणार असाल तर पूर्वेकडची खोली मागा. डिसेंबर-जानेवारीत वारं उलट्या दिशेनं वाहतं, तेव्हा पश्चिमेकडची बाजू शांत असते. बुकिंग करणारा एजंट ही गोष्ट आपणहून क्वचितच सांगतो. त्याचं सगळं लक्ष सूर्यास्ताकडे तोंड करून असलेली खोली विकण्यावर असतं.

दिवाळीची सुट्टी हा मधला मार्ग. थोड्या सरी असतात, पण दर नाताळाइतके चढलेले नसतात. नाताळ आणि ३१ डिसेंबरला बऱ्याच रिसॉर्टमध्ये खास जेवणाचे पैसे सक्तीनं लावतात, तुम्ही जेवा अगर न जेवा. जून ते नोव्हेंबरमध्ये ‘बा’ नावाच्या प्रवाळद्वीपात (प्रवाळावर बनलेल्या बेटांच्या कड्यात) हानिफारू उपसागरात मांता हे मोठे, चपटे, पंखांसारख्या कल्ल्यांचे मासे जमतात. तिथे फक्त स्नॉर्कलिंगला (मुखवटा आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघायला) परवानगी आहे, स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी) बंद आहे, आणि प्रत्येक गटाला ४५ मिनिटंच मिळतात. मुलांना पोहायला येत असेल तर पावसाळी हंगामात जाण्याचं हे चांगलं कारण आहे.

टप्पा ३: मालेला उतरायची वेळ (इथेच सगळं ठरतं)

मालेच्या वेलाना विमानतळावरून बेटांवर जायचे तीन मार्ग आहेत.

सी-प्लेन फक्त उजेडात उडतं. दुपारी साधारण साडेतीनच्या आत तुमचं विमान उतरलं तरच त्याच दिवशी बेटावर पोहोचाल असं धरून चाला. परतताना याच्या उलट: सकाळी नऊच्या आतलं आंतरराष्ट्रीय विमान सी-प्लेननं येऊन गाठता येत नाही.

स्पीडबोट रात्रीही चालते. उत्तर आणि दक्षिण माले प्रवाळद्वीपातली बरीच रिसॉर्ट्स अशी वीस मिनिटं ते तासाभराच्या अंतरावर आहेत.

तिसरा मार्ग म्हणजे देशांतर्गत विमान आणि पुढे बोट. वेळ जास्त जातो, पण संध्याकाळी उतरलात तरी निभावतं.

म्हणून आधी मुंबईहून मालेला जाणाऱ्या विमानांच्या वेळा कागदावर लिहा, मग त्या वेळेला जुळणारी रिसॉर्ट्स शोधा. उतरणं दुपारी साडेतीननंतरचं असेल तर सी-प्लेनची सगळी रिसॉर्ट्स यादीतून खोडा, फोटो कितीही सुंदर असोत. सहा वर्षांच्या मुलाला घेऊन पहिल्यांदाच जात असाल तर आमचं मत सरळ स्पीडबोटीच्या बाजूनं आहे. खर्च निम्म्याहून कमी होतो आणि मध्यरात्री उतरलात तरी अडत नाही.

आता घरापासून मुंबईचं टर्मिनल २. साताऱ्याहून अंतर अडीचशे किलोमीटरच्या पुढे, सांगलीहून पावणेचारशेच्या आसपास. नकाशातलं अ‍ॅप जे तास दाखवतं त्यात खंबाटकी, नवले पुलापाशी अडकणं आणि द्रुतगती मार्गावरच्या खंडाळा घाटातली शनिवार-रविवारची रांग पूर्ण धरलेली नसते. साताऱ्याहून सहा तास, सांगलीहून नऊ तास धरा, आणि त्यावर विमानाआधीचे तीन तास. सांगलीकरांनी सकाळच्या विमानासाठी आदल्या दिवशीच मुंबई गाठावी हे उत्तम. महालक्ष्मी एक्स्प्रेस सांगली, मिरज आणि साताऱ्याला थांबते आणि सकाळी मुंबईला पोहोचवते. पण ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, विमानतळाला नाही, त्यामुळे दुपारच्या विमानासाठीच ती सोयीची.

इशारा: कोल्हापूरहून मुंबईला विमानानं जाऊन पुढे मालेचं विमान पकडायचं असेल आणि दोन्ही तिकिटं वेगवेगळी असतील, तर पहिलं विमान रद्द झाल्यावर दुसऱ्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. मधे एक रात्र ठेवा, नाहीतर तो विचार सोडा.

टप्पा ४: रिसॉर्ट खरोखर पर्यावरणपूरक आहे का, हे ईमेलवर विचारा

बांबूचा स्ट्रॉ आणि ‘टॉवेल परत वापरा’ची पाटी म्हणजे पर्यावरण नव्हे. प्रत्येक रिसॉर्ट एका स्वतंत्र बेटावर असतं. तिथे नगरपालिकेचं पाणी नाही, महावितरणची लाइन नाही, घंटागाडी नाही. म्हणून तीन गोष्टी विचारल्या की खरं-खोटं कळतं.

पाणी कुठून येतं? बेटावर समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प असतोच. ते पाणी तिथेच काचेच्या बाटल्यांत भरून देतात, की प्लास्टिकच्या बाटल्या बाहेरून आणतात, हे विचारा. सोनेवासारख्या रिसॉर्टनं २००८ मध्येच बाहेरचं बाटलीबंद पाणी बंद केलं होतं, त्यामुळे ‘शक्य नाही’ हे उत्तर आज चालत नाही.

वीज कशावर? बहुतेक बेटं अजून डिझेल जनरेटरवर चालतात. सौरऊर्जेचा वाटा किती टक्के, हा आकडा मागा. आकडा न देता ‘आम्ही हरित ऊर्जेला बांधील आहोत’ असं उत्तर आलं, तर छपरावर चार पॅनेल आहेत इतकंच समजायचं.

कचऱ्याचं काय करतात? ओला कचरा बेटावरच कुजवून खत करतात का, आणि सुका कुठे पाठवतात? मालेजवळच्या थिलाफुशी या कचऱ्याच्या बेटाचं नाव उत्तरात आलं तर निदान खरं सांगतायत असं धरा.

याशिवाय किनाऱ्यालगत नैसर्गिक प्रवाळ आहे का, की वाळू उपसून बेट वाढवलंय, हेही महत्त्वाचं. किनाऱ्यावरून पोहत प्रवाळापर्यंत जाता येत असेल तर रोजच्या बोटीचं इंधन आणि पैसे दोन्ही वाचतात. कायमस्वरूपी सागरी जीवशास्त्रज्ञ आहे का, तेही विचारा. मुलांसाठी सहलीतला सगळ्यात चांगला तास बहुधा त्याच्याबरोबरचा असतो. ग्रीन ग्लोब, अर्थचेक, ट्रॅव्हलाइफ ही प्रमाणपत्रं खरी आहेत, पण त्यांना मुदत असते. प्रमाणपत्रावरचं वर्ष बघा.

तपासा: उत्तर आठवड्यात आलं का? प्रश्नांना उत्तर आलं की नुसती जाहिरातीची पीडीएफ आली?

टप्पा ५: खोली आणि मुलांची वयं

पाण्यावरची लाकडी खोली सगळ्यांनाच हवी असते. लहान मुलं बरोबर असतील तर घेऊ नका. कठडा नसलेल्या पायऱ्या थेट समुद्रात उतरतात, आणि रात्री मूल एकटं उठून दार उघडू शकतं. बऱ्याच रिसॉर्टमध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना तिथे ठेवतच नाहीत, किंवा पालकांकडून जबाबदारीच्या कागदावर सही घेतात. किनाऱ्यावरची खोली घ्या. तिला स्वतःचा छोटा तलाव असेल तर भोवती कुंपण किंवा फाटक आहे का ते लेखी विचारा.

वयाची मोजणी प्रवासाच्या तारखेला होते, बुकिंगच्या नाही. अकरा वर्षांचा मुलगा जायच्या आदल्या आठवड्यात बारा वर्षांचा झाला, की विमान, सी-प्लेन आणि जेवण या तिन्हींत तो मोठ्यांच्या दरात जातो. मुलांच्या जन्मतारखा पहिल्याच ईमेलमध्ये द्या आणि दर त्यावर मागा. ‘दोन मुलं’ एवढंच लिहून मिळवलेल्या दराला काही अर्थ नाही.

टप्पा ६: खरा हिशेब

संकेतस्थळावर दरापुढे दोन अधिक चिन्हं दिसतात. पहिलं सेवाशुल्काचं, १० टक्के. दुसरं पर्यटन वस्तू व सेवा कराचं, जो जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे आणि तो सेवाशुल्क मिळवल्यानंतरच्या रकमेवर लागतो. शिवाय जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये माणशी रोज १२ डॉलर हरित कर. दोन वर्षांखालच्या बाळांना तो माफ आहे, सहा वर्षांच्या मुलाला नाही.

रात्रीचा दर ६०० डॉलर, चार रात्री आणि चौघं असं उदाहरण घेऊ (आकडे समजण्यापुरते):

खोली: ६०० × ४ = २,४०० डॉलर
सेवाशुल्क १० टक्के: २४०
कर १७ टक्के, २,६४० वर: सुमारे ४४९
हरित कर: ४ माणसं × ४ रात्री × १२ = १९२
सी-प्लेन जाऊन-येऊन, मोठ्यांना ५०० आणि मुलांना २५० धरून: १,५००
एकूण: सुमारे ४,७८१ डॉलर

२,४०० चे ४,७८१ झाले, आणि यात विमानाचं तिकीट नाही, सकाळचा नाश्ता सोडला तर जेवणही नाही. सी-प्लेनच्या जागी माणशी दीडशेची स्पीडबोट धरली तर याच हिशेबातून नऊशे डॉलर कमी होतात. म्हणून रिसॉर्टकडे एकच मागणी करा: सगळे कर, शुल्क आणि ने-आण धरून चौघांची एकूण रक्कम एका ओळीत लिहून द्या.

पॅकेज भारतातल्या एजंटकडून घेतलं तर तो तुमच्याकडून उगमस्थानी कर गोळा करतो, ज्याला सगळे टीसीएस म्हणतात. हा बुडालेला खर्च नाही. तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. त्यामुळे पॅकेज कोणाच्या पॅनवर घ्यायचं हे पैसे भरण्याआधी ठरवा. जो विवरणपत्र भरतो त्याच्याच नावावर घ्यायचं.

रोख डॉलर अधिकृत परकीय चलन विक्रेत्याकडून किंवा बँकेतूनच घ्या, एका प्रवासाला माणशी ३,००० डॉलरच्या मर्यादेत. एवढे लागतही नाहीत. बक्षिशीसाठी एक, पाच आणि दहाच्या नोटा मागून घ्या, कारण शंभराची नोट बेटावर सुटी करायला रांगेत उभं राहावं लागतं. क्रेडिट कार्डावरचा परदेशी वापर बँकेच्या अ‍ॅपमधून घरीच चालू करा. रिसॉर्ट आल्याआल्या कार्डावर अनामत अडवून ठेवतं, आणि कार्ड चाललं नाही तर पहिलाच तास फोनाफोनीत जातो.

टप्पा ७: जेवण

मुलं असलेल्या कुटुंबानं दोन्ही वेळचं जेवण धरलेली योजना घ्यावी. नाश्ता आणि रात्रीचं जेवण अशी अर्धी योजना स्वस्त दिसते, पण बेटावर दुसरं हॉटेल नसतं. दुपारी दोन मुलांना पिझ्झा आणि रस घेऊन दिला की वाचवलेले पैसे गेले. अर्ध्या योजनेत जेवताना लागणारं पिण्याचं पाणी धरलेलं आहे का, हेही विचारून घ्या. हा खर्च बिलात शेवटी दिसतो.

शाकाहारी असाल तर ‘व्हेज’ एवढा शब्द पुरत नाही. अंडी चालतात का, माशाचा किंवा शिंपल्याचा सॉस, मांसाच्या अर्काचं सूप, हे सगळं नको म्हणून सविस्तर लिहा. मालदीवच्या स्थानिक स्वयंपाकात वाळवलेला टूना सर्वत्र असतो, आणि थाई रश्श्यात माशाचा सॉस असतोच. एकादशी किंवा चतुर्थी मधे येत असेल तर आधी कळवा. साबुदाणा पाकिटबंद न्या आणि स्वयंपाकी करून देईल का ते आधीच विचारा. बऱ्याच ठिकाणी भारतीय किंवा श्रीलंकन आचारी असतात आणि आनंदानं करतात. मात्र इंडक्शन, कुकर आणि चहाचं पातेलं घेऊन जाऊ नका. खोलीत शिजवायला बंदी असते, छप्पर वाळलेल्या पानांचं असतं आणि धुराचा इशारा वाजला की अख्खं बेट जागं होतं.

टप्पा ८: बॅग भरणं

सी-प्लेनला माणशी साधारण २० किलो सामान आणि ५ किलो हातातलं चालतं. वरच्या प्रत्येक किलोला पैसे पडतात. चौघांना ऐंशी किलो कशाला लागतात, असा प्रश्न आम्हाला पडतो, पण लोक भरतात खरं. टणक मोठ्या सूटकेसपेक्षा मऊ बॅगा सी-प्लेनमध्ये नीट बसतात.

कधीकधी माणसं एका विमानानं आणि बॅगा पुढच्या विमानानं येतात. म्हणून प्रत्येकाचे पोहण्याचे कपडे, औषधं आणि मुलांचा एक जोड हातातल्या बॅगेत ठेवा.

नेऊ नये ते आधी. मद्य, डुकराचं मांस आणि ई-सिगारेट मालदीवमध्ये आणायला बंदी आहे. मुंबईच्या ड्युटी-फ्रीमधली बाटली मालेच्या कस्टम्समध्ये अडकते. पूजेच्या मूर्तींनाही बंदी आहे, त्यामुळे बॅगेच्या कप्प्यात नेहमी असणारा छोटा गणपती या वेळी देव्हाऱ्यातच राहू दे. ताजी फळं, रोपं, बियाणं नकोत. पाकिटबंद भडंग, चिवडा, कंदी पेढे चालतात. पण पेढे दमट हवेत दोन दिवसांतच खराब व्हायला लागतात, तेव्हा ते वाटेतच संपवा.

न्यायचं ते असं. इंग्लंडसारख्या चौकोनी तीन पिनांची दोन अ‍ॅडॉप्टर आणि एक भारतीय एक्स्टेन्शन बोर्ड. प्रत्येकाला लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट, कारण बेटं विषुववृत्ताजवळ आहेत आणि पाण्यात तरंगताना पाठ अर्ध्या तासात भाजते. अंग कपड्यानं झाकलं की सनस्क्रीनही कमी लागतं. जे लागेल ते झिंक ऑक्साइडचं घ्या. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही दोन रसायनं प्रवाळाला घातक मानली जातात. ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर वाचा, पुढे छापलेला कासवाचा फोटो नव्हे. डास पळवणारं मलम घ्या, कारण उघड्या न्हाणीघरात संध्याकाळी डास येतात आणि डेंग्यू तिथेही आहे. बोट लागणाऱ्यांसाठीची गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यायची असते, बोट हलायला लागल्यावर नाही. मुलांचं प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या. रोजची औषधं चिठ्ठीसह मूळ पाकिटात असू द्या.

स्नॉर्कलचा मुखवटा शक्य तर स्वतःचा घ्या, मुलांचा तर नक्कीच. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकानं श्वास आत ओढा. मुखवटा हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर मापाचा. बाजूनं हवा आली तर पाणीही येणार. मिशी असलेल्यांना वरच्या ओठाशी गळती होते, तिथे थोडं व्हॅसलीन लावतात. निघण्याआधी निदान आठ-दहा वेळा शहरातल्या जलतरण तलावावर मुलांना मुखवटा लावून तोंडानं श्वास घ्यायचा सराव द्या. बेटावर शिकू म्हटलं की पहिले दोन दिवस खोकण्यात जातात.

टप्पा ९: शेवटचे चार दिवस

विमानाच्या वेळेआधीच्या ९६ तासांत प्रत्येकाचा, मुलांचाही, ‘इमुगा’ हा प्रवासी तपशिलाचा ऑनलाइन अर्ज भरायचा असतो. जाताना एकदा आणि मालदीवहून निघताना पुन्हा एकदा.

इशारा: हा अर्ज पूर्ण मोफत आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते खोटं. पत्त्याच्या शेवटी मालदीव सरकारचं ‘डॉट गव्ह डॉट एमव्ही’ आहे का तेवढं बघा.

क्यूआर कोड आल्यावर स्क्रीनशॉट घ्या. रिसॉर्टला विमानाचा क्रमांक आणि उतरायची वेळ पुन्हा एकदा कळवा. सी-प्लेनची जागा तेच राखून ठेवतात, आणि विमानाची वेळ मधे बदलली असेल तर हे तुम्हालाच सांगावं लागतं. प्रवास विमा याच आठवड्यात घ्यायचा राहतो. त्यात दूरच्या बेटावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च आणि पाण्यातले खेळ धरलेत का ते वाचा.

टप्पा १०: मालेला उतरल्यावर

इमिग्रेशन, सामान, कस्टम्सचं स्कॅनिंग, आणि बाहेरच्या दालनात तुमच्या रिसॉर्टचं नाव असलेला काउंटर. सी-प्लेनवाल्यांना तिथून बसनं वेगळ्या टर्मिनलला नेतात, सामानाचं वजन होतं, आणि तास-दोन तास थांबावं लागू शकतं. मुलांना इथेच खाऊ-पिऊ घाला. सी-प्लेनमध्ये जागा ठरलेली नसते आणि इंजिनांचा आवाज मोठा असतो, तेव्हा मुलांसाठी कानातले बोळे ठेवा.

मालेची वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. पण बरीच रिसॉर्ट्स आपली वेगळी बेटवेळ ठेवतात, मालेहून एक तास पुढची. फोन मात्र मालेची वेळ दाखवत राहतो. बोट, जेवण, सहल, जे काही ठरेल ते कोणत्या वेळेनं, हे दर वेळी विचारा. परतीच्या दिवशी तर नक्कीच.

टप्पा ११: समुद्रात उतरायचा क्रम

कृष्णेच्या पुरात पोहलेला माणूस किंवा विहिरीत उड्या मारून शिकलेला माणूस इथे जास्त धोक्यात असतो, कारण त्याला भीती नसते. नदीत प्रवाह डोळ्यांना दिसतो. इथे पाणी आरशासारखं असतं आणि खालून ओढ असते, विशेषतः दोन प्रवाळांमधल्या खाडीत.

पहिल्या दिवशी फक्त कमरेएवढ्या पाण्यात, उथळ लगूनमध्ये (प्रवाळाच्या आतल्या शांत पाण्यात). प्रत्येक मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट घ्या. जॅकेट घालून खांद्याचे पट्टे वर ओढून बघा, हनुवटीवर गेलं तर सैल आहे.

दुसऱ्या दिवशी पाणक्रीडा केंद्रात जाऊन विचारा: आज प्रवाह कुठून कुठे, भरती-ओहोटी कधी, प्रवाळाच्या कडेपर्यंत जायची आणि बाहेर यायची वाट कुठली. प्रवाळाची कड बऱ्याच ठिकाणी अचानक खोल जाते. सुरुवात प्रवाहाच्या विरुद्ध करायची, म्हणजे दमल्यावर तोच प्रवाह परत आणतो. मुलं पाण्यात असताना एक मोठा माणूस पाण्यात आणि एक किनाऱ्यावर, आणि किनाऱ्यावरच्याच्या हातात फोन नको. मुलांची पहिली फेरी वीस मिनिटांत संपवा. थंडी वाजायला लागली की ती सांगत नाहीत, ओठ निळे पडतात.

प्रवाळावर पाय टेकायचा नाही. ते जिवंत असतं, पायाखाली मोडतं, आणि कापलं तर जखम आठवडाभर चिघळते. शिवाय दगडासारखा दिसणारा विषारी मासा तळाशी बसलेला असतो. उभं राहायचं तर वाळूवरच. कासवाला हात लावू नका, माशांना पाव टाकू नका.

स्कूबाचा अभ्यासक्रम दहा वर्षांपासून करता येतो, आठ वर्षांच्या मुलांना उथळ पाण्यातली ओळख करून देतात. शेवटची बुडी आणि परतीचं विमान यांत निदान अठरा तास सोडा. सी-प्लेनही विमानच, हे लोक विसरतात.

खोलीत एसी चोवीस-पंचवीसवर ठेवा आणि दारं लावा. दारं उघडी टाकून एसी चालवला की दमट हवेनं फरशीवर पाणी साचतं, मुलं घसरतात, आणि जनरेटरचं डिझेल जळतं ते वेगळंच. खाऊची रिकामी पाकिटं, संपलेले सेल, डायपरची प्लास्टिक वेष्टनं एका पिशवीत जमा करून घरी आणा. इथल्या घंटागाडीत टाकणं त्या बेटापेक्षा सोपं आहे.

टप्पा १२: परतीचा दिवस

सी-प्लेनची वेळ आदल्या संध्याकाळी कळते. त्याच संध्याकाळी बिल मागून ओळ न् ओळ तपासा. हरित कराचे दिवस, मुलांचे दर आणि न घेतलेल्या सहली, चुका याच तीन ठिकाणी असतात. सकाळी बोट धक्क्याला लागल्यावर वाद घालायला वेळ नसतो. निघतानाचा इमुगा अर्जही त्याच रात्री भरून घ्या.

शंख, प्रवाळाचे तुकडे, कासवाच्या पाठीच्या वस्तू बॅगेत टाकू नका. प्रवाळ आणि कासवाच्या वस्तू मालदीवबाहेर न्यायला बंदी आहे, आणि भारतात वन्यजीव कायदा लागतो. मुलांच्या चड्डीच्या खिशातून हमखास दोन-चार तुकडे निघतात, ते किनाऱ्यावरच झटका.

विमान मुंबईला रात्री उतरत असेल तर ड्रायव्हरला रात्रभर गाडी हाणायला लावून सांगली गाठू नका. विमानतळाजवळ झोपा आणि पहाटे पाचला निघा. लोणावळ्यापर्यंत रस्ता मोकळा मिळतो आणि नाश्त्याला पुणं मागे पडलेलं असतं.